वेगळा तो माल, मिसळला तो कचरा

कालचं वर्तमानपत्र कोरडं ठेवलं, तर रद्दीवाला ते किलोवर पैसे देऊन नेतो. त्याच वर्तमानपत्रात उरलेली भाजी गुंडाळून बादलीत टाकली, तर ते उचलून नेण्यासाठी महापालिकेला पैसे मोजावे लागतात. कागद तोच आहे. त्याला रस्सा लागला आणि त्याचं गिऱ्हाईक गेलं.

घरातून बाहेर जाणाऱ्या बहुतेक वस्तूंची हीच गत आहे. बाटली, पुठ्ठा, पत्र्याचा डबा, केळीची साल या सगळ्यांना घेणारं कुणी ना कुणी असतं, पण त्या सुट्या सुट्या असतील तरच. एका बादलीत एकत्र आल्या की त्या एकमेकींची किंमत घालवतात. पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांबद्दल आपण खूप बोलतो, पण तो सगळा व्यवहार स्वयंपाकघरातल्या या एका क्षणावर उभा आहे. आपल्या हातून सुटलेल्या वस्तूचं पुढं काय होतं, ते एकेकीच्या मागं जाऊन पाहिलं की हे नीट समजतं.

बोटांनी होणारी पारख

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बायका फेरी संपली की सावली बघून बसतात आणि सुका कचरा निवडायला घेतात. भोवताली उघडी पोती. हात पिशवीत जातो, वस्तू बाहेर येते आणि ती कुठल्या पोत्यात जायची हे बोटांनाच कळतं. पाण्याची बाटली दाबली की कडकड वाजते. फिनेलची बाटली नुसती दबते, आवाज करत नाही. पिशवी चुरगाळल्यावर मऊ राहिली तर एका पोत्यात, कुरकुरली तर दुसऱ्यात. कागद शंकेचा वाटला तर फाडून बघायचा. फाटताना कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला, म्हणजे आत प्लास्टिक आहे, तो रद्दीत चालत नाही. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. लोखंडी पत्रा एकीकडे, 'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम दुसरीकडे, आणि तांबं-पितळ मिळालं तर ते सगळ्यांत जपून.

ही निवड जितकी बारीक, तितका भंगाराच्या दुकानात भाव चांगला. तिथून माल ठोक व्यापाऱ्याकडे जातो, तिथं पुन्हा निवडला जातो, ट्रक भरेल एवढा साठतो आणि मग कारखान्यात पोचतो. दर पायरीला किंमत वाढत जाते. सगळ्यांत कष्टाचं काम पहिल्या पायरीवर आहे आणि सगळ्यांत कमी पैसाही तिथंच आहे.

या पहिल्या पायरीवरच्या माणसांची संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली, ती कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी महिला विद्यापीठात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी कचरावेचक बायकांबरोबर हे काम सुरू केलं आणि हमाल पंचायतीचा अनुभव गाठीशी असलेले डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तोवर या बायका कचराकुंडीत उतरून माल वेचत. कुंडीत काच असे, कुजलेलं अन्न असे, कुत्री असत आणि वर 'चोर' म्हणून हटकणारे लोकही असत. संघटनेची मागणी साधी होती: कचरा कुंडीत मिसळण्याआधी, दारातच आमच्या हाती द्या. यातूनच पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच मालकी असलेली सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरांनी दरमहा ठरावीक शुल्क द्यायचं, वेचकांनी ओला आणि सुका कचरा वेगवेगळा न्यायचा आणि सुक्याच्या विक्रीचे पैसे त्यांचे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या राष्ट्रीय नियमांनी कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, त्याच्या कितीतरी आधी पुण्यानं हे करून दाखवलं होतं.

कुंडीतून दारात येण्यानं या बायकांचा मान वाढला, हे तर आहेच. शिवाय मालही सुधारला. कोरडा कागद कोरडाच मिळू लागला.

कागद: तंतू आखूड होत जातो

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू एकमेकांत अडकून झालेला पातळ थर. रद्दी कारखान्यात गेली की ती मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात. तंतू सुटे होतात. टाचण्या, पिना, चिकटपट्ट्या चाळण्यांवर अडकतात. शाई काढायची असेल तर साबणासारखी द्रव्यं घालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. उरलेला लगदा जाळीवर पसरून, दाबून, वाळवून नवा कागद होतो.

तेलाचा गुन्हा इथं कळतो. तेल पाण्यात विरघळत नाही. ते तंतूंना धरून राहतं आणि नव्या कागदावर डाग पाडतं. ओलाव्याचं नुकसान तर कारखान्यापर्यंत जायच्या आधीच होतं. एक ओलं वर्तमानपत्र पोत्यातल्या बाकीच्या कागदालाही बुरशी लावतं. म्हणून वडापावचा तेलकट कागद रद्दीत टाकण्यापेक्षा ओल्या कचऱ्यात टाकावा, तिथं त्याचं खत तरी होईल.

प्रत्येक फेरीत तंतू थोडे तुटतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते इतके आखूड होतात की एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यामुळे कागदाचा प्रवास बहुधा उतरता असतो: पांढरा कागद, मग वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा, मग अंड्यांचा ट्रे. या साखळीला मधूनमधून नवा तंतू लागतोच. वहीची पाठकोरी पानं मुलांना गणितं करायला देणारं घर त्या कागदाचा एक जन्म कारखान्यात न पाठवता वाढवत असतं.

दिसायला कागद, पण रद्दीत न चालणारे काही प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, म्हणून तर चहा झिरपत नाही. चकाकत्या लॅमिनेशनची लग्नपत्रिका, मेणाचा कागद, वापरलेला टिश्यू आणि दुकानातलं गुळगुळीत बिल हे सगळं याच गटातलं. त्या बिलावर उष्णतेनं काळा पडणारा रासायनिक थर असतो. त्याची शाई बाहेरून आलेलीच नसते.

चिंध्यांचाही कागद होतो आणि तो लाकडाच्या लगद्यापेक्षा टिकाऊ होतो, कारण कापसाचा तंतू लांब असतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेनं सुती कापडाच्या कतरणांपासून कागद करण्याची ही कला टिकवून धरली.

काच: वितळवण्याआधी धुऊन पाहा

वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळवली की काच होते. त्यात फुटकी काच मिसळली तर मिश्रण कमी उष्णतेत वितळतं, इंधन वाचतं आणि भट्टीचं आयुष्य वाढतं. काच कितीही वेळा वितळवली तरी कागदासारखी कमकुवत होत नाही. त्या हिशेबानं ती आदर्श वस्तू आहे.

तरीही बाटली फोडून वितळवण्यापेक्षा धुऊन पुन्हा भरणं कितीतरी स्वस्त पडतं, कारण त्यात भट्टीच पेटवावी लागत नाही. सोडावॉटरवाल्यांनी आणि शीतपेयांच्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत येई. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर परत दिली की भरलेली हाती येई. ग्राहकाला ती व्यवस्था फार त्रासाची वाटत नव्हती, कारण परत देण्याची जागा आणि वेळ ठरलेली होती. बाटलीची जागा पिशवीनं घेतली, वाहतूक हलकी झाली आणि परत देण्याची सवयही त्याबरोबर गेली.

काचेच्या बाबतीत दोन गोष्टी पाळण्यासारख्या आहेत. आरसा, बल्ब, ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी आणि चिनी मातीचे कप बाटल्यांच्या काचेत मिसळू नयेत. त्यांचे घटक आणि वितळण्याचं तापमान वेगळं असतं. आणि फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून वेगळी द्यावी. कचरावेचकाच्या तळहातावरच्या जखमा बहुतेक वेळा कुणाच्या तरी पाच मिनिटांच्या आळसातून आलेल्या असतात.

पत्रा: मोड देण्याची जुनी रीत

धातूंना आपल्याकडे कचरा मानायची पद्धतच नव्हती. फुटका हंडा, चेपलेलं पातेलं घेऊन भांड्यांच्या दुकानात जायचं, ते वजन करून मोडीत द्यायचं आणि वर फरक भरून नवं भांडं आणायचं, हे आजीच्या पिढीला सांगावं लागत नसे. पुण्याच्या तांबट आळीत तांबं-पितळ ठोकून घडवणाऱ्या हातांना जुन्या धातूचं मोल पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पितळेची कल्हई उडाली तर भांडं टाकायचं नसतं, कल्हई करून घ्यायची असते.

या रीतीमागं पक्कं शास्त्र आहे. ॲल्युमिनियम घ्या. बॉक्साइट खणायचं, त्यातून अल्युमिना वेगळा काढायचा, मग प्रचंड वीज वापरून त्यातला धातू सोडवायचा. तयार ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळतं. त्यामुळे जुन्यापासून नवं करायला मूळ ऊर्जेच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. शीतपेयाचा एक डबा गटारात गेला, की उरलेली पंच्याण्णव टक्के ऊर्जा पुन्हा नव्यानं खर्च करावी लागते. लोखंडाची सोय अशी की चुंबकानं ते ढिगातून उचलता येतं. तांब्याची वायर मात्र अनेक ठिकाणी जाळून सोलली जाते. वरचं पीव्हीसीचं आवरण जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात आणि ती पहिल्यांदा जाळणाऱ्याच्याच छातीत जातात. म्हणून जुनी वायर, चार्जर, मोबाइल, संगणक हे अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावं.

प्लास्टिक: एक नाव, अनेक जाती

प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. त्रिकोण दिसला म्हणजे ही वस्तू पुन्हा वापरात येणारच, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं ही खूण काढली ती प्लास्टिकची जात सांगण्यासाठी. १ म्हणजे पेट: पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या. २ म्हणजे जाड पॉलिथिन: शाम्पू आणि फिनेलच्या बाटल्या, तेलाचे कॅन. ३ म्हणजे पीव्हीसी: पाइप, रेक्झिन. ४ म्हणजे पातळ, मऊ पॉलिथिन: दुधाची पिशवी. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन: हॉटेलातून पार्सल येतं ते डबे. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ज्याचा फुगवलेला अवतार थर्माकोल. ७ मध्ये उरलेलं सगळं.

या जाती एकत्र का चालत नाहीत? पेट सुमारे २५० अंशांना वितळतं. त्यात पीव्हीसीचा तुकडा राहिला, तर तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी विघटित होऊन आम्ल सोडतं आणि ते आम्ल पेटच्या रेणूंची लांब साखळी तोडतं. सगळा घाणा पिवळा आणि ठिसूळ होतो. म्हणून कारखाने पाण्यात परीक्षा घेतात. चुरा पाण्याच्या हौदात टाकला की पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. पेटच्या बाटलीचं झाकण वेगळ्या जातीचं असतं, ते या हौदात आपोआप वर येतं. पेट आणि पीव्हीसी मात्र दोन्ही बुडतात. तिथं अजूनही निवडणाऱ्याची नजरच लागते, किंवा फार महाग यंत्रं.

मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये ही सगळी साखळी काही गल्ल्यांत दिसते. जात आणि रंग पाहून निवड, यंत्रात चुरा, धुणं, पत्र्याच्या छपरांवर वाळवणं, मग वितळवून शेवयांसारख्या तारा काढायच्या, पाण्यात थंड करायच्या आणि कापून दाणा करायचा. हा दाणा बादल्या, पाइप, खुर्च्या करणाऱ्यांकडे जातो. रंगाला इथं भाव आहे: पारदर्शक प्लास्टिकपासून कुठलाही रंग करता येतो, काळ्यापासून फक्त काळाच. पार्सलच्या काळ्या डब्याला वेचक नाक मुरडतात, त्याचं हे कारण.

दुधाच्या पिशवीचं उदाहरण रोजचं आहे. पिशवी कापताना आपण कोपरा पूर्ण तोडतो. पिशवी मोठी असते, ती वेचली जाते. नखाएवढा कोपरा कुणी वेचत नाही. तो ओल्या कचऱ्यात, खतात, शेवटी मातीत जातो. कोपरा अर्धाच कापून पिशवीला जोडलेला ठेवला, पिशवी विसळून वाळवली आणि दहा-पंधरा जमल्यावर एकत्र दिल्या, तर त्यांना भंगारात नक्की घेणारा आहे.

ज्याला घेणारा जवळजवळ नाही असा प्रकार म्हणजे वेफर्स, बिस्किटं, मसाल्याच्या पुड्या यांची चमकदार पाकिटं. त्यात दोन-तीन जातींचं प्लास्टिक आणि बहुधा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवलेला असतो. हवा, ओल आणि उजेड आत जाऊ नये म्हणून ही रचना उत्तम आहे, पण थर सुटे करणं इतकं अवघड की फार थोडे लोक त्या वाटेला जातात. बरीचशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात किंवा कचरा डेपोत पडून राहतात. वस्तू बनवतानाच ती मिसळलेली असेल, तर घरातली कितीही काटेकोर निवड तिला वाचवू शकत नाही. इथं जबाबदारी बनवणाऱ्याची आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी आपल्या वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याचं बंधन उत्पादकांवर घातलं ते याचसाठी.

महाराष्ट्राला प्लास्टिकचा धडा २६ जुलै २००५ च्या पावसानं दिला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुराची कारणं अनेक होती, पण गटारांत अडकलेल्या पिशव्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. पुढं २०१८ मध्ये राज्यानं पिशव्या आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून अशा काही वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्या वर्षाच्या अखेरीस पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. जाडीची अट कशासाठी? पातळ पिशवी वजनाला काहीच भरत नाही, म्हणून ती वेचण्यात कुणाला फायदा नाही. जाड पिशवी महाग पडते, म्हणून फुकट दिली जात नाही, आणि वजन असल्यामुळे वेचलीही जाते.

ओला कचरा: अर्धी बादली याचीच

आपल्या घरच्या कचऱ्यात वजनानं निम्म्याहून अधिक वाटा ओल्याचा असतो आणि त्यातही बराचसा भाग पाणी. म्हणजे शहरं ट्रक भरभरून पाणी वाहून नेत असतात. डेपोत हे सगळं ढिगाखाली दाबलं गेलं की हवा मिळत नाही. हवेविना जगणारे जिवाणू ते कुजवतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, आणि तो पेटतोही. मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथं लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. ढिगातून पाझरणारं काळं पाणी जमिनीत मुरतं. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात जात राहिला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी आपल्या विहिरींसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शहरानं बादलीत केलेल्या मिसळणीचा भुर्दंड गावानं भरला.

हाच ओला कचरा हवा मिळाली तर खत होतो. त्याचं तंत्र अवघड नाही. भाजीची देठं, साली, उष्टं यांत नायट्रोजन आणि पाणी जास्त. वाळलेला पालापाचोळा, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या यांत कार्बन जास्त. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागं साधारण तीस भाग कार्बन लागतो. म्हणून बाजूला भोकं पाडलेल्या बादलीत तळाशी पाचोळ्याचा जाड थर द्यावा, रोजचा ओला कचरा बारीक करून घालावा आणि वर तेवढाच किंवा थोडा जास्त पाचोळा पसरावा. मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक विरजणाचं काम करतं. दोन-तीन दिवसांनी हलवावं. ढीग गरम झाला तर घाबरू नये; काम चालू असल्याची ती खूण आहे. वास आला, तर पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतेय: पाचोळा वाढवावा, हलवावं. मुंग्या आल्या, तर फार कोरडं झालंय: थोडं पाणी शिंपडावं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसानं भिजलेल्या मातीसारखा वास असलेलं खत हाती येतं. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून गच्चीवर, पोत्यांत आणि कुंड्यांत पाचोळ्याच्या जोरावर भाजीपाला पिकवण्याचा ध्यास महाराष्ट्रभर अनेक घरांना लावला, तो याच साध्या शास्त्रावर.

दुसरी वाट गॅसची. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं घरगुती खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं आणि २००६ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेण हे गाईनं आधीच पचवून झालेलं असतं, त्यात जिवाणूंसाठी थोडंच उरतं. पिष्टमय खरकट्यात सगळी ऊर्जा शिल्लक असते, म्हणून थोड्या खरकट्यातून अधिक गॅस मिळतो आणि तोही लवकर. ढिगात डेपो पेटवणारा मिथेन इथं चूल पेटवतो.

जुने कपडे आणि धोक्याच्या वस्तू

जुनी लुगडी आणि धोतरं थरावर थर ठेवून धावदोऱ्यानं शिवली की गोधडी होते, खेड्यात तिलाच वाकळ म्हणतात. दारात बोहारीण येई आणि जुन्या कपड्यांच्या गाठोड्याच्या बदल्यात स्टीलचं भांडं देई. त्या कपड्यांतले धडके पुन्हा बाजारात विकले जात आणि उरलेल्या चिंध्या पुसायच्या कामाला जात. आज कपड्यांची खरी अडचण मिश्र धाग्यांची आहे. सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणलं की ते पुन्हा वेगळं करणं कठीण. निव्वळ सुती कपडा शेवटपर्यंत कामी येतो: आधी अंगावर, मग गोधडीत, मग फडकं म्हणून, आणि शेवटी खताच्या बादलीतही.

काही वस्तू मात्र कुठल्याच डब्यात मिसळून चालत नाहीत. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, सुया, ब्लेड हे वेगळं साठवून वेगळं द्यायचं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, अशी मोहीम 'स्वच्छ'नं चालवली. ठिपका दिसला की पुडी उघडून बघावी लागत नाही. एका पेनाच्या टिंबानं एका माणसाचा हात घाणीपासून वाचतो, यापेक्षा स्वस्त उपाय शोधून सापडणार नाही.

आधी कमी, मग पुन्हा, शेवटी भट्टी

वरच्या सगळ्या प्रवासांत एक गोष्ट समान आहे: पुनर्चक्रीकरण फुकट होत नाही. त्याला वाहतूक लागते, पाणी लागतं, उष्णता लागते आणि बहुतेक वेळा वस्तूचा दर्जा एक पायरी उतरतो. कागदाचा तंतू आखूड होतो, बाटलीचा पुढं धागा होतो आणि त्या धाग्याची पुन्हा बाटली सहसा होत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे. वस्तू घरात आणणंच कमी करणं सगळ्यांत वर. आणलेली पुन्हा वापरणं, दुरुस्त करणं त्याखाली. भट्टीत पाठवणं त्याच्याही खाली. आपण बहुतेकदा हा क्रम उलटा लावतो: हवं तितकं आणतो आणि सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकून निश्चिंत होतो.

कमी करणं म्हणजे मन मारून जगणं नव्हे. मासळी आणायला घरचा डबा नेणं, मंडईत कापडी पिशवी नेणं, प्रवासात पाण्याची आपली बाटली नेणं, डाळ-तांदूळ सुटे घेणं, पंख्याची मोटर जळाली तर तिची तार पुन्हा गुंडाळून घेणं, चप्पल शिवून घेणं ही आपल्याकडे कालपरवापर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी असलेली कामं आहेत. लग्नाच्या पंगतीत स्टीलची ताटं आणि पेले भाड्यानं आणले, तर एका दिवसात शेकडो प्लेटा आणि कप जन्मालाच येत नाहीत. गावोगावचे बचत गट अशा भांड्यांचे संच ठेवू शकतात; त्यातून त्यांनाही उत्पन्न मिळतं.

ज्या गावांनी हे मनावर घेतलं, त्यांना फळ मिळालेलं आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेनं कचरा घरातच वेगळा करून घेतला, ओल्यापासून गॅस आणि खत केलं, सुका जातवार निवडून विकला आणि जिथं डेपो होता ती जागा लोक बघायला येतील अशी केली. वेंगुर्ल्याकडे जादूचं यंत्र नव्हतं. कचरा घरातून निघताना वेगळा होता, म्हणून पुढची प्रत्येक गोष्ट शक्य झाली.

तेव्हा सुरुवात घरातूनच करायची. ओल्यासाठी एक डबा, सुक्यासाठी एक पिशवी, धोक्याच्या वस्तूंसाठी एक खोका. सुकं म्हणजे खरोखर सुकं: विसळलेलं, निथळलेलं. मग तुमचा कचरा नेणाऱ्या ताईंना किंवा दादांना एकदा थांबवून विचारा, की आमच्या घरातून काय आलं तर तुम्हाला विकता येतं आणि काय आलं तर त्रास होतो. त्यांच्या उत्तरात तुमच्या गल्लीपुरतं या विषयाचं सगळ्यांत अचूक ज्ञान असेल. सोसायटीच्या पुढच्या सभेत ते उत्तर मांडा, त्यांचं महिन्याचं शुल्क वेळेवर देण्याचा ठराव करा आणि निवडायला सावलीची, पाण्याची जागा द्या. सरकारनं नियम केलेत, कारखाने माल घ्यायला तयार आहेत, निवडणारे हात रोज दारात येतात. वस्तू त्यांच्यापर्यंत न मिसळता पोचवणं एवढंच काम उरलंय, आणि ते आपलं आहे.